हत्तीच्या पोटावरचं नाव

माझी नमू अडीच वर्षांची झाली तरी बोलेना, आणि आमच्या घरात बोलणारे तर गल्लीला वाटून उरतील इतके. सासूबाई बोलायच्या, नाना बोलायचे, शेजारची यशोदाबाई भिंतीवरून डोकं काढून बोलायची. मीही काही कमी नाही. पाचोऱ्यात लताबाई म्हटलं की लोकांना आधी माझं तोंड आठवतं. एवढ्या गलक्यात ही पोर डोळे मोठे करून ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तहान लागली की तांब्याकडे बोट, भूक लागली की डब्याकडे बोट. ऐकू सगळं यायचं. ताटली वाजली की मागच्या दारातून धावत यायची.

"तू इतली बोलस," सासूबाई मला म्हणायच्या, "पोरले बोलाले जागाच कोठे ठेवस?"

हे त्या सकाळी सुरू करायच्या ते दुपारच्या जेवणापर्यंत चालायचं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मग त्यांनीच निकाल दिला की पोरीची जीभ खालून चिकटलेली आहे. पिंपळनेरच्या पुढे म्हणे एक माणूस होता, तो जिभेखालची शीर वस्तऱ्यानं कापायचा आणि पोरं तिथल्या तिथं बोलायला लागायची. वस्तरा लागल्यावर पोर बोंबलणारच, त्याला हे शहाणे बोलणं म्हणत होते. मी तसं तोंडावर सांगितलं. सासूबाईंनी मान फिरवली आणि दोंडाईच्याला माझ्या भावाला निरोप पाठवला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाणारच होते. तिथून पिंपळनेर जवळ पडतं. भावानं जीप करायची आणि पोरीला परस्पर नेऊन आणायचं, असं माझ्या पाठीमागं ठरलं. मला सांगितलं तेव्हा जीपवालासुद्धा ठरलेला होता.

मी नवऱ्याच्या मागे लागून नमूला आधी जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून जीभ बघितली, कानाशी चुटक्या वाजवल्या आणि म्हणाले, जिभेला काही झालेलं नाही, कापाकापी मुळीच करू नका. काही मुलं उशिरा बोलतात. तिला मांडीवर घ्या, चित्रांची पुस्तकं दाखवा, मोठ्यानं वाचून दाखवा.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवी उलटी करून झटकली. गोळी नाही, बाटली नाही, सुई नाही. असला कसला डॉक्टर, म्हणाल्या. नानांना मात्र ते पटलं, पण त्यांनी ते औषधासारखं पटवून घेतलं. "जेवणाआधी का जेवणानंतर?" असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. माझे सासरे उखर्डू नाना श्रावणात देवळात पोथी वाचतात, त्यामुळे वाचन म्हटलं की तो आपला प्रांत, अशी त्यांची समजूत.

पुढच्या रविवारी पुस्तकं निवडायला आम्ही सगळे जळगावला गेलो. मुलगी बघायला जातात तसे. दुकानदारानं विचारलं, "कितवीला आहे?"

"अडीच वर्षांची आहे," मी म्हटलं.

"मग पाटी न्या," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी आत घुसून स्वतःच फळीवरून पुस्तकं काढायला लागले. एक मला फार आवडलं. जाड पानं, पानभर एकच चित्र, गाय तर गाय, विहीर तर विहीर, खाली तेवढाच शब्द. आमचे हे, अभिमनराव, पंचायत समितीत कारकून आहेत. त्यांनी ते हातात घेतलं, पुढून मागून चाळलं आणि म्हणाले, "यात वाचायचं काय? पानावर एकच शब्द. वाचून होईल पाच मिनिटांत." म्हणजे पुस्तक घ्यायचं ते संपू नये म्हणून. त्यांनी निवडलं सामान्यज्ञान. त्यात देशांच्या राजधान्या होत्या. पोरीला आई म्हणता येईना आणि हे तिला राजधान्या पाठ करून घेणार.

नानांनी कोल्ह्याचं पुस्तक बाजूला ठेवलं, कारण कोल्हा खोटं बोलतो. माकडाचं ठेवलं, कारण माकड चोरी करतं. सशाचं ठेवलं, कारण ससा झोपतो. शेवटी उरलं चांगल्या सवयींचं. त्यात एक गुळगुळीत पोरगा टाय लावून टेबलावर दूध पीत होता आणि त्याचा बाप उभ्यानं पेपर वाचत होता. सासूबाईंचं वेगळंच. त्यांना मुखपृष्ठावर मुलगा पाहिजे होता, म्हणजे नमूच्या पाठीवर भाऊ येईल. त्यांना तेच पुस्तक पसंत पडलं. अशी दोन पुस्तकं घेऊन आम्ही मिरवत परत आलो. नमूनं राजधान्यांकडे बघितलंसुद्धा नाही. टायवाल्या पोराचा कोपरा मात्र तिनं चघळून चोथा केला. मला तिचा अभिमान वाटला.

आता माझ्या भावाची ओळख करून देते. मोतीलालभाऊ दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार करतो. आमचे वडील झुलाल आबा मी शाळेत असतानाच गेले. माझं लग्न भावानं लावलं, कन्यादान भाऊ-वहिनीनं केलं, आणि त्यानं ते अजून कुणाला विसरू दिलेलं नाही. लग्नात भोंग्यावरून आहेर पुकारला तो जेवणं उरकेपर्यंत. दिलेल्या प्रत्येक भांड्यावर त्यानं नाव टाकून घेतलं होतं. हंड्यावर, परातीवर, ताटावर, वाटीवर, चमच्याच्या दांडीवरसुद्धा: मोतीलाल झुलाल पाटील, दोंडाईचा. माझ्या पाचोऱ्याच्या स्वयंपाकघरात हात घालाल तिथं माझा भाऊ. सासूबाईंना डाळ वाढताना पळीवर तो, न्हाणीत गेलं तर बादलीवर तो.

आम्ही पुस्तकं आणल्याचं त्याला कळलं तेव्हा तो रुसला. भाचीला पहिलं काही घ्यायचं तर मामानं. ही पुस्तकंबिस्तकं आमच्या घराण्यात कुणी कधी दिली नव्हती, पण हक्क म्हटल्यावर हक्क. तो धुळ्याला गेला आणि पुस्तकांचा गठ्ठाच घेऊन पाचोऱ्याला उतरला. कशी निवडली म्हणून विचारलं तर म्हणाला, टिचकी मारून. परातीसारखं. कागद जाड वाजला ते घेतलं, पातळ वाजला ते टाकलं. आत काय आहे ते त्यानं बघितलंच नव्हतं.

आणि गंमत अशी की नेमकी मला पाहिजे होती तशीच पुस्तकं निघाली. जाड पानं, पानभर एक चित्र. गाय, कावळा, विहीर, हत्ती, घागर, कडेवर पोर घेतलेली आई. मला इतका आनंद झाला की मी भावाला म्हणणार होते, भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा तू काही नीट आणलंस. तेवढ्यात पान उलटलं.

हत्तीच्या पोटावर नाव होतं. मोतीलाल झुलाल पाटील, दोंडाईचा, यांजकडून सप्रेम भेट. मिरचीच्या पोत्यावर मार्का टाकायची ती काळी शाई, ब्रशानं लिहिलेली. दिवाणजीकडून त्यानं प्रत्येक पानावर लिहून घेतलं होतं, जिथं चित्रात मोकळी जागा सापडेल तिथं. गाईच्या पाठीवर, विहिरीच्या काठावर, आईच्या पदरावर. कावळा काळा म्हणून तेवढा सुटला. त्याच्या पानावर भावाचं नाव आभाळात लिहिलं होतं.

"अरे, पहिल्या पानावर लिहायचं ना," मी म्हटलं.

"पितळ राहो का पुस्तक, दिधेल वस्तूवर नाव पाहिजे," भाऊ म्हणाला. "एखादं पान निसटनं, तं ते कोनी दिधं हाई कसं समजी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो परत गेल्यावर मी हत्तीच्या पोटावर रॉकेलचा बोळा फिरवून बघितला. शाई तशीच राहिली आणि हत्ती गेला. मग बाकीची चित्रं तरी वाचवावीत म्हणून मी बोळा टाकून दिला. शाई माझ्या भावाचीच होती, तीही मागं हटणारी नव्हती.

वाचनाचा मान नानांनी घेतला. दुपारी जेवण झालं की हात धुऊन, डोक्यावर टोपी ठेवून पाटावर बसायचे, नमूला पुढ्यात घ्यायचे आणि पुस्तक चौरंगावर उघडायचे. चौरंगावर, मांडीवर नाही. आणि मग पोथीच्या चालीत सुरू. पोथी वाचताना अक्षर सोडायचं नाही, अक्षर सुटलं की वाचन वाया, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. तो त्यांनी इथंही लावला. पानावर जे लिहिलंय ते सगळं वाचायचं. छापणाऱ्याचं नाव, त्याचा पत्ता, आणि मग प्रत्येक चित्राला:

"गाय. मोतीलाल झुलाल पाटील, दोंडाईचा, यांजकडून सप्रेम भेट."

शेवटच्या शब्दाला हेल काढायचे, श्वास घ्यायचे, पान उलटायचे. "विहीर. मोतीलाल झुलाल पाटील, दोंडाईचा, यांजकडून सप्रेम भेट." मी भांडी घासता घासता ऐकायची आणि मला वाटायचं, हातातली परात फेकून मारावी. परातीवरही तेच नाव होतं.

"नाना, ते खालचं वाचू नका," मी एकदा म्हटलं. "ते पुस्तकातलं नाही."

"लिखेल शे ना?" नाना म्हणाले. "मंग वाचनं पडीन."

नाना शेतात गेले की मी नमूला मांडीवर घेऊन बसायची. मी अक्षराला हात लावायची नाही. बघ ही गाय, ही आपल्या उखळाजवळ बांधतो तशी, हिला किती माश्या त्रास देतात, हिचं वासरू कुठं गेलं, तू लपवलंस का? पोर हसायची, माझ्या तोंडात बोटं घालायची, दात मोजल्यासारखं करायची. शब्द मात्र नाही. एक दिवस नाना लवकर परतले आणि दारात उभे राहून ऐकत राहिले.

"हाई कोठे लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही. मी सांगतेय."

"मंग ते वाचन नही," नाना म्हणाले आणि पाय धुवायला गेले. त्या माणसाचा राग धरावा तर तोही धरवत नव्हता. माझ्या पोरीजवळ दुपारी एवढा वेळ बसणारं घरात दुसरं होतं कोण? तिचा बाप रविवारी राजधान्या घेऊन बसायचा आणि तिसऱ्या राजधानीला घोरायचा.

आखाजी जवळ आली तशी मी धास्तावले. नमूला घट्ट धरून मी रोज सांगायची, एक शब्द बोल गं, काहीही बोल, शिवी दे मला. रात्रंदिवस डोळ्यांसमोर तो वस्तरा. आखाजीला जाणारच नाही, असंही मी सांगून बघितलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, मंग मीच लई जास तिले. त्यांच्यापेक्षा भाऊ बरा, निदान मी सोबत असेन, म्हणून मी गेले. पिशवीत पुस्तकं घेतली. नमू आता त्यांच्याशिवाय हलत नव्हती.

दोंडाईच्याला आमच्या अंगणात लिंबाला झोका बांधलेला होता, गल्लीतल्या माहेरवाशिणी गोळा झाल्या होत्या, आणि दारात जीप उभी होती. जीपवाला वना बॉनेटवर टेकून कैरी खात होता. भाऊ म्हणाला, आबांची घागर पुजली, पानं उठली की निघायचं, संध्याकाळपर्यंत परत.

मी वाटेतच पवित्रा ठरवला होता. "डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय. पोरीला मी जीपमध्ये चढू देणार नाही."

"डॉक्टर काय सांगस," भाऊ म्हणाला. "तुनी सासूले मी शब्द देयेल शे."

माझ्या पोरीची जीभ आणि याचा शब्द. मी आईकडे बघितलं. माझी आई भिकुबाई पाटावर घागर मांडत होती, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवत होती. तिनं मान वर केली नाही. भावासमोर तिनं कधीच मान वर केलेली नाही. अंगणभर बायका होत्या, सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि झोक्याला झोका देण्यापलीकडे कुणी काही करेना.

घागर पुजून झाली. भावानं आबांचं नाव घेऊन पाणी सोडलं, पान वाढून कौलावर ठेवलं आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. मी नमूला कमरेशी धरून दाराला पाठ लावून उभी होते. मनात ठरवलं होतं, हिला ओढायला आला तर भावाच्या हाताला चावायचं. मग होऊ दे गल्लीत काय व्हायची ती शोभा.

कावळा आला. कौलावर बसला, मान वाकडी करून पानाकडे बघितलं. तेवढ्यात नमूनं माझ्या हातातून हात सोडवला, वर बोट केलं आणि पोथीच्या चालीत, हेल काढून म्हणाली:

"कावया. मोतीयाय झुयाय पातीय, दोंदाईचा, यांजकून सप्पेम भेत."

झोका थांबला. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आई मात्र हातातला तांब्या टाकून रडायला लागली. "तुमना बाप बोलना," ती म्हणाली. "पोरना तोंडमाईन तुमना बाप बोलना." झुलाल एवढंच तिनं ऐकलं होतं. बायका पाया पडायला लागल्या. माझ्या पोरीच्या. पाचोऱ्यात एक म्हातारा रोज दुपारी टोपी घालून हे वाचतो, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

भावाचे डोळे भरून आले होते. तो वळून वनाला म्हणाला, "जाय भो, जीप लई जाय. पोर बोलस." वनानं कैरीची कोय फेकली आणि गाडी सुरू केली. जीप गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा कुठं मी नीट श्वास घेतला. वस्तरा गेला. भावाच्याच नावानं गेला, हे मला त्या क्षणीही झोंबलं, पण गेला.

नमूला आता वाट सापडली होती. तिनं अंगणात फेरी धरली. घागरीवर बोट ठेवलं, घागर, मोतीयाय झुयाय. आडाजवळ गेली, विहीर, मोतीयाय झुयाय. भाऊ मागं मागं फिरत होता, छाती फुगवून, प्रत्येक वस्तूला मान डोलवत. शेजारचा तोताराम गाय घेऊन दारावरून चालला होता. नमूनं गाईकडे बोट केलं, गाय, मोतीयाय झुयाय पातीय, यांजकून सप्पेम भेत.

"भो, गाय मनी शे," तोताराम म्हणाला. बायका हसून हसून खाली बसल्या. भावानं मात्र नकार दिला नाही. कुणी गाईचा मान देत असेल तर तो का सोडील?

मी पुढं होऊन नमूला उचललं. अडीच वर्षं मी एका शब्दासाठी थांबले होते आणि आता मला धीर नव्हता. अंगणाच्या मध्यावर, सगळ्यांसमोर, मी तिचं बोट धरलं आणि माझ्या छातीवर ठेवलं. तोंडातून अक्षर काढलं नाही. तिचं तिनं म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

तिनं माझा चेहरा निरखून बघितला. बोट उचललं आणि परत ठेवलं.

"आई," ती म्हणाली. मी हसणार, रडणार, तेवढ्यात तिनं श्वास घेतला आणि हेल काढला. "मोतीयाय झुयाय पातीय, दोंदाईचा, यांजकून सप्पेम भेत."

अंगण हसलं. वहिनी हसली, आई पदरात तोंड घालून हसली. सगळ्यात मोठ्यानं भाऊ हसला. जमलेल्या लोकांकडे बघून तो म्हणाला, "खरं शे. ती बी मीच दिधी ना."

मला हसू आलं नाही. पाचोऱ्यातला तो हंडा, ती परात, ती पळी, सगळं एका ओळीत माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि त्या ओळीत शेवटी मी. कुणी खोटं बोलत नव्हतं. भोंग्यावरून पुकारूनच दिलं होतं मला.

मी नमूला घेऊन लिंबाखाली गेले, सगळ्यांकडे पाठ केली आणि तिचं बोट पुन्हा माझ्या छातीवर ठेवलं.

"आई," मी म्हटलं. "एवढंच. पुढं काही लिहिलेलं नाही."

नाना पान उलटताना श्वास घ्यायचे तेव्हा ती बघायची, तशी नमू माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती पुढच्या ओळीची वाट बघत होती.